करसरांचा ऱ्ह

कॉम्प्युटरचं बटण दाबण्याआधी त्याच्या डब्याला कान लावणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. कान उजवा, कारण डाव्या कानानं सरांना कमी ऐकू यायचं. डोळे मिटायचे, डब्यावर तळहात टेकवायचा आणि मग हळूच बटण. आतली डिस्क फिरल्याचा आवाज आला की तोंडभर हसून म्हणायचे, "उठला!" आवाज आला नाही, तर झाकण काढून ती विटेएवढी डिस्क हातात घ्यायचे आणि सुपात दाणे पाखडताना बाया देतात तसा मनगटाला एक झटका द्यायचे. जुन्या डिस्कची तबकडी आत चिकटून बसते, ती त्या झटक्यानं सुटते. हे मला नंतर कळलं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा घरी येऊन मी आईला सांगितलं होतं, की सरांच्या डोक्यावर काहीतरी परिणाम झालाय.

त्यांचं आडनाव भगत, पण आर्णीत भगत सर कुठे राहतात असं विचारलंत तर कोणी घर दाखवलं नसतं. गावात ते 'करसर'. नव्वदीच्या सुरुवातीला त्यांनी बसस्टँडच्या रस्त्याला दोन खोल्यांत गावातला पहिला कॉम्प्युटर क्लास काढला. पहिल्याच दिवशी काळ्या पडद्यावरच्या लुकलुकणाऱ्या रेघेवर पट्टी ठेवून ते म्हणाले, "हा कर्सर." आम्ही आजूबाजूच्या खेड्यांतली पोरं-पोरी. आम्ही वहीत लिहिलं, 'कर, सर'. आमची समजूत अशी, की कॉम्प्युटर सरांना विनवतो आहे, कर ना सर, काहीतरी कर. परीक्षेत 'लुकलुकणाऱ्या रेघेचं काम काय?' असा प्रश्न आला, तेव्हा अर्ध्या वर्गानं उत्तर लिहिलं, 'ती सरांना काम सांगते.' त्या अर्ध्या वर्गात मीही होते, हे लपवण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या एखाद्या मास्तरानं आमची शोभा केली असती. सर डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले आणि सगळ्यांना पूर्ण गुण दिले. "बरोबर लिवलं हाये तुमी," ते म्हणाले. "थे रेघ म्हणते, कर सर, मी बसली हाओ वाट पाहत. आपून काई केलं नाई, तं थे जलमभर तशीच लुकलुकत रायते." त्या दिवसापासून भगत सर मागे पडले आणि करसर उरले. पुढे नावाची पाटीसुद्धा लोक तशीच वाचू लागले.

क्लास दहा-बारा वर्षं चालला. मग सरकारमान्य कोर्सवाले आले, त्यांच्याकडे रंगीत पडदे आणि गार हवा. सरांकडची पोरं एकेक करून तिकडे गेली. सरांनी क्लासला कुलूप लावलं, पण कॉम्प्युटर एकही विकला नाही. उलट तालुक्यात कुठल्या शाळेनं, कुठल्या पतसंस्थेनं जुना कॉम्प्युटर भंगारात काढल्याचं कळलं, की हे सायकल काढून निघालेच. त्यांच्या घरात जागा संपली तेव्हा शेजारच्या माझ्या दुकानावर संक्रांत आली. मी तोवर लग्नपत्रिका आणि लेटरहेड छापायचं दुकान टाकलं होतं. आधी मागच्या खोलीत एक पडदा आला, मग दोन कीबोर्ड, मग एक दिवस मला माझ्याच दुकानात बसायला जागा उरली नाही.

"सर, हे दुकान हाये का भंगाराची वखार?" मी तडकून विचारलं.

"भंगार बंद असते मंगल," ते शांतपणे म्हणाले. "हे सारं चालू हाये."

या 'चालू'वर त्यांचा जीव होता. वस्तू जुनी आहे एवढ्यासाठी ती मांडून ठेवायची, हे त्यांना मान्यच नव्हतं. चालू असेल तर लोकांना दाखवायची, नसेल तर दाखवायची नाही. प्रदर्शन भरवायचं हे त्यांच्या मनात कधी आलं ते मला नक्की सांगता येणार नाही, पण हा हिशेब त्यांच्या डोक्यात आधीपासून पक्का होता.

ती कापसाची वाईट वर्षं होती. बाकीच्यांना ती कशावरून आठवतात कोण जाणे, मला लग्नपत्रिकांवरून आठवतात. पत्रिका लहान झाल्या, सोनेरी अक्षरं गेली, आणि कितीतरी लग्नं नुसत्या तोंडी आमंत्रणावर उरकू लागली. गावाबाहेरच्या जिनिंगचं शेड ऐन हंगामात छतापर्यंत भरायचं, ते रिकामं पडलं. सरांनी तेच मागितलं. मालकानं चार दिवसांसाठी चावी दिली आणि वर म्हणाला, "पाहा बाप्पा, तुमच्यानं तरी काई गर्दी होते का."

गर्दी झाली. दरवर्षी व्हायला लागली. दारात सरांच्या हातची पाटी असायची, 'हात लावा'. ज्या माणसानं क्लासमध्ये आम्हाला चपला बाहेर काढायला लावल्या, कॉम्प्युटरवर बायकोकडून शिवून घेतलेली फुलाफुलांची झाकणं घातली, त्याच माणसाची ही पाटी. मी तोंडावर विचारलं तर म्हणाले, "तवा मले भेव वाटे, खराब होईन म्हून. आता खराब तं होणारच हाये. मंग लोकाइचा हात लागून होऊ दे." दाणे खात फिरणाऱ्या सापाचा खेळ होता, त्यावर म्हातारे एकमेकांना ढकलायचे. कुंडली काढणारं एक सॉफ्टवेअर होतं, त्यावर बायांची झुंबड. सर त्यांना कुंडली काढून देत आणि शेवटी न चुकता सांगत, "याले शुक्र-मंगळ काई मालूम नाई बरं माय. यानं फक्त वजाबाकी केली." बाया हसत आणि कागद जपून कमरेला खोचत.

पण खरी रांग लागायची ती शेवटच्या टेबलापुढे. तिथे सगळ्यात जुना कॉम्प्युटर, त्यात मराठी लिहायचं सॉफ्टवेअर आणि बाजूला करकर आवाज करणारा प्रिंटर. आलेल्या माणसानं एकेक कळ शोधत आपलं नाव स्वतः लिहायचं, मग प्रिंटर त्याची पट्टी काढून देणार. सरांची अट एकच, "पूर्ण नाव सांगा. घरचं नाई, पूर्ण." बंजाऱ्यांच्या तांड्यावरची, कोलामांच्या पोडावरची, गावातली, कोणीही येवो, नावाआधी 'श्री.' किंवा 'श्रीमती' ते स्वतः घालायचे. कितीतरी बायांनी आपलं नाव छापलेलं तिथे पहिल्यांदा पाहिलं. एकीनं तर विचारलं, "हे मीच हाओ का?"

त्या दिवसांत शहरातून कॅमेरे घेऊन पुष्कळ लोक आमच्याकडे येत. माझ्या दुकानात थांबून अमक्या गावाचा रस्ता विचारत, कोणाच्या घरी काय झालं ते विचारत. आमच्या भागातल्या साध्या माणसाचं नाव पेपरात छापून आलं, की त्यानं जीव दिला असंच समजायचे ते दिवस होते. आणि इकडे शेडमध्ये माणसं आपल्या छापलेल्या नावाची पट्टी खिशात घालून, मधूनच काढून बघत, हसत घरी चालली होती. मी सरांवर कितीही चिडत असले, तरी त्या रांगेकडे पाहून मला भरून यायचं.

नावाचं हे वेड कुठून आलं, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. त्यांचे वडील धम्म घेतलेल्या पहिल्या पिढीतले. शाळेत घालताना मास्तरानं त्यांचं नाव नोंदवहीत 'किसन्या' असं लिहिलं. "किसन नाई, किसन्या," सर म्हणाले. "बाजूच्या ओळीत पाटलाच्या पोराचं नाव होतं, थे बरोबर पूर्ण हाये. माह्या बापाच्या दाखल्यावर मरेपर्यंत किसन्याच रायलं." एवढं बोलून ते प्रिंटरची फीत बदलायला लागले. पुन्हा हा विषय त्यांनी काढला नाही आणि मीही विचारला नाही.

आता ऱ्हबद्दल सांगायला हवं. ते मराठी सॉफ्टवेअर ज्यांनी बनवलं त्यांना आमच्या मुलखाची आठवण राहिली नव्हती. त्यात सगळी जोडाक्षरं होती, पण 'ऱ्ह' नव्हता. वऱ्हाड लिहायला गेलं की 'वर्हाड' उमटायचं, रफार जाऊन 'ह'च्या डोक्यावर बसायचा. सर म्हणत, "वऱ्हाडात बसून वऱ्हाड लिवता येत नाई, हे कोणाले सांगाव?" मग एका उन्हाळ्यात त्यांनी हायस्कूलमधून आलेखाचे कागद आणले, चौकोन चौकोन भरून तो ऱ्ह काढला, आणि ठिपका ठिपका करत त्या सॉफ्टवेअरच्या पोटात बसवला. त्या दिवशी त्यांनी काकूंना, म्हणजे आपल्या बायकोला, क्लासमध्ये बोलावून घेतलं आणि पडद्यावरचा वऱ्हाड दाखवला. काकू म्हणाल्या, "याच्यासाठी चार वेळा वरण थंडं केलं का?"

अडचण अशी, की तो ऱ्ह जगात त्या एकाच डिस्कवर होता. सॉफ्टवेअरला कुलूप होतं, त्याची नक्कल काढली तर चालत नसे. कुलपाची किल्ली असलेली फ्लॉपी बुरशीनं कधीच खाल्ली होती. आणि डिस्क म्हातारी झाली होती. आधी महिन्यातून एकदा झटका मागायची, मग दर आठवड्याला, मग रोज. दर वेळी बटण दाबताना सर म्हणायचे, "हा शेवटला असन तं असन." मी म्हणायचे, "मंग कायले चालू करता?" तर उत्तर ठरलेलं, "मंग कायले ठेवला?"

अशातच एका वर्षी प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी एका मोठ्या शहरातल्या इंजिनिअरिंग कॉलेजचे प्राध्यापक आले. भला माणूस, जाणकार. त्यांनी सगळी टेबलं पाहिली, शेवटच्या टेबलापाशी बराच वेळ थांबले. त्यांच्यादेखतच डिस्क अडली. सरांना तीनदा झटका द्यावा लागला तेव्हा कुठे ती उठली. प्राध्यापकांनी सरांना बाजूला घेतलं. कॉलेजात जुन्या यंत्रांचं दालन होणार होतं, तिथे हा कॉम्प्युटर काचेत ठेवू म्हणाले. खाली पाटी लावू, तुम्ही सांगाल त्या नावानं. पण यापुढे तो चालू करायचा नाही. आतापासूनच नाही. एकेका वेळी चालू केल्यानं तो मरतो आहे.

सरांनी माझ्याकडून कागद मागून घेतला आणि त्यावर ठसठशीत अक्षरांत लिहिलं, 'कालकथित किसन तुळशीराम भगत यांच्या स्मरणार्थ'. कागद प्राध्यापकांच्या हातात देऊन म्हणाले, "एवढं बरोबर लिवजा." सकाळी गाडी पाठवतो असं सांगून प्राध्यापक मुक्कामाच्या जागी गेले. सरांनी कॉम्प्युटर बंद केला, काकूंनी शिवलेलं फुलांचं झाकण त्यावर घातलं. मला इतका आनंद झाला होता, की मी जाऊन जिलबी घेऊन आले.

जिलबी वाटून आम्ही टेबलं आवरत होतो. ऊन उतरलं होतं. तेवढ्यात एक साठीचा गृहस्थ दारात आला. धोतर, खांद्यावर दुपट्टा, हातात प्लास्टिकची पिशवी. ढाणकीहून आलो म्हणाला, दोन बस बदलून, एक बस मध्ये बिघडली. नाव नारायण वऱ्हाडे.

"आमच्या गावच्या एकाच्या खिशात तुमची पट्टी पाह्यली, साहेब," तो सरांना म्हणाला. "त्याच्यात वऱ्हाड बरोबर लिवलं होतं. म्हून आलो."

त्यानं पिशवीतून कागद काढले. रेशनकार्डावर 'वराडे'. मतदारयादीत 'वहाडे'. पोराच्या दाखल्यावर 'वर्हाडे'. "एका घरात तीन आडनावं झाली. कोठी गेलं का इचारते, हा तूच कायच्यावरून? मीच होय म्हणतो, तं हासते." कागद नीट घडी घालून त्यानं परत ठेवले. "मले कायच्यात लावाचं नाई. फक्त एकडाव बरोबर लिवलेलं पाहाचं होतं."

मी लगेच म्हणाले, "काका, प्रदर्शन बंद झालं. तुमाले माह्या दुकानात हातानं लिहून देईन, मस्त अक्षरात." तो माणूस 'बरं' म्हणाला. खरंच 'बरं' म्हणाला आणि वळलाही. आयुष्यभर बरं म्हणत आलेल्या माणसाचं बरं होतं ते. सरांनी फुलांचं झाकण काढलं.

"सर!" मी ओरडले. "सकाळी गाडी येऊन राह्यली. तुमच्या बाबाच्या नावाची पाटी हाये!"

सरांनी ऐकलं नाही असं नाही, उजवा कान माझ्याच बाजूला होता. त्यांनी तो डब्याला लावला, बटण दाबलं. डिस्क उठेना. झाकण काढून झटका दिला. पुन्हा दिला. किती वेळा दिला ते मी मोजलं नाही, मी रागानं तोंड फिरवून उभी होते. मग घूं असा आवाज आला आणि सर म्हणाले, "या वऱ्हाडे साहेब, बसा. इथीसा बोट ठेवा." त्या गृहस्थानं एका बोटानं, एकेका कळेसाठी सरांच्या तोंडाकडे पाहत, आपलं नाव लिहिलं. ऱ्ह उमटला तेव्हा तो खुर्चीतून थोडा उठलाच. पट्टी हातात आल्यावर त्यानं ती वाचली, पुन्हा वाचली आणि म्हणाला, "हा मी हाओ."

सकाळी डिस्क उठली नाही. झटका दिला, दुपारी दिला, दुसऱ्या दिवशी दिला. आतून नुसता टकटक असा आवाज येई आणि थांबे. ऱ्ह गेला. मी सरांना जे बोलले ते इथे लिहिण्याजोगं नाही. एका अनोळखी माणसाच्या हौसेपायी बापाचं नाव घालवलंत, इथपर्यंत बोलले.

गंमत म्हणजे प्राध्यापक तेवढे निराश झाले नाहीत. "हरकत नाही," ते म्हणाले, "तसाही आम्ही तो बंदच ठेवणार होतो. पाटी तयार करू." मी सुटकेचा श्वास सोडला. आणि सरांनी हात जोडून नाही म्हटलं. बंद कॉम्प्युटर दाखवायचा नाही, हा त्यांचा नियम होता. वडिलांच्या नावासाठी एकदा तो मोडायला ते तयार झाले होते, पुन्हा होणार नव्हते. प्राध्यापक रिकामी गाडी घेऊन गेले.

मी आठ दिवस बोलले नाही. मग एक दिवस ते स्वतःच दुकानात येऊन स्टुलावर बसले. मी म्हटलं, "सर, नव्या कॉम्प्युटरमंधी ऱ्ह हाये. माह्याकडे हाये. मंग तुमी कायले एवढा जीव लावला?" ते म्हणाले, "हाये नं. पण थो त्याइनं देल्ला. हा आपून केलता." मग म्हणाले, "मंगल, माह्या बापाचं नाव काचेत बंद राह्यलं असतं. त्या माणसाचं खिशात चालू हाये." मला तेव्हा ते पटलं नाही. आजही पूर्ण पटलंय असं छातीठोकपणे सांगता येत नाही.

पुढची दोन वर्षं प्रदर्शन झालं, ते टेबल वगळून. तिसऱ्या वर्षी सरांनाच यवतमाळला न्यावं लागलं. हृदयाचं दुखणं. मी भेटायला गेले तर नाकात नळी, बोलायची मनाई, तरी माझा हात ओढून विचारलं, "कोणता चालू केला आज?" मी खोटंच सांगितलं, "सगळे." खरं म्हणजे पंधरा दिवस मी मागच्या खोलीचं दारही उघडलं नव्हतं. त्यांनी डोळे मिटून मान हलवली. तेच आमचं शेवटचं बोलणं, आणि ते खोटं होतं, हे मला अजून खुपतं.

सर गेल्यावर प्राध्यापक उरलेले कॉम्प्युटर मागायला पुन्हा आले. काकू म्हणाल्या, "मंगलले इचारा." मी विचारलं, चालू ठेवाल का? ते प्रामाणिक माणूस, म्हणाले, "नाही जमणार." मग मीही हात जोडले. तेव्हापासून दर रविवारी मी दुकान बंद करते आणि मागची खोली उघडते. कान लावते, बटण दाबते, झटका द्यायलाही शिकले. 'हात लावा' असं एका पुठ्ठ्यावर लिहून दारात टांगलंय. कधी चार लोक येतात, कधी कोणीच नाही. तीन कॉम्प्युटर माझ्या हाताखाली मेले. पहिल्याच्या वेळी मी रडले.

मागाहून भंगारात मिळालेल्या एका कॉम्प्युटरवर मराठी लिहिता यायचं, ऱ्ह सोडून. मागच्या महिन्यात त्यावर नाव लिहायला तांड्यावरची एक म्हातारी आली होती, हातभर बांगड्या, एकेका कळेवर बोट टेकवताना त्या सगळ्या वाजत होत्या. नाव जमनाबाई. 'श्रीमती जमना' इतकं लिहून झालं आणि पडदा एकदम काळा पडला. मी डिस्क काढून झटका दिला, पुन्हा दिला. नुसतं टकटक. म्हातारीनं भेदरून हात मागे घेतला.

"माह्याच्यानं मेलं का बाई थे?"

मी पट्टीचा कागद ओढला, पेनानं तिचं पूर्ण नाव लिहिलं आणि तिच्या हातात दिलं. "नाई याडी," मी तांड्याच्या बोलीत तिला 'आई' म्हणत म्हटलं. "तुमचं नाव लिवता लिवता गेलं. त्याले याच्याहून चांगलं मरण नाई."

तिनं पदर डोक्यावर घेतला आणि त्या काळ्या पडद्यापुढे हात जोडले. सरांना असलं काही अजिबात खपलं नसतं. पण मीही जोडले.